अठरा वर्षांची 'बुढी' आणि तिच्या जागी आलेली गाडी

पूर्व नागपुरातल्या एका छोट्या वाहतूकदाराचं हे प्रकरण. एक गाडी, एक ड्रायव्हर आणि घरातच ठेवलेला हिशेब. त्यांचे कर-विम्याचे कागद मी बघतो, म्हणून बरंचसं डोळ्यांसमोर घडलं. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. वय अठ्ठावन्न. घर कळमना बाजाराच्या अलीकडे, दारासमोरची गल्ली थोडी उताराची. २००७च्या दसऱ्याला त्यांनी टाटा ४०७ ट्रकच्या मापाची नवी गाडी घेतली, तीन टनांच्या आसपास माल नेणारी. काम ठरलेलं. ऑक्टोबर ते डिसेंबर अंबिया बहाराची संत्री, फेब्रुवारी ते एप्रिल मृग बहाराची. काटोल, कळमेश्वर, नरखेडकडच्या बागांतून रात्री क्रेट भरायचे आणि सकाळच्या लिलावाआधी कळमन्यात लावायचे. मधल्या महिन्यांत कांदा, भाजी, नाहीतर इतवारीतून खेड्यावर जाणारा किराणा.

या गाडीनं घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. लग्नाचा रुखवतही तिच्याच हौद्यात गेला, ताडपत्रीवर चादर अंथरून. ड्रायव्हर बारा वर्षं जुना, काकांपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. गाडीला 'बुढी' हे नाव त्यानंच पाडलं. प्रेमानं पाडलं की वैतागानं, ते त्या दिवशीच्या इंजिनावर ठरायचं.

शेवटच्या काळात बुढीच्या खोडी मोहल्ल्यात सगळ्यांना पाठ होत्या. डावं दार फक्त बाहेरून उघडे. तिसरा गिअर पडताना हात झटकून टाके. सेल्फ स्टार्टरचा भरवसा नव्हता, त्यामुळं रात्री ती कायम गल्लीच्या वरच्या टोकाला, तोंड उताराकडे करून उभी असे. पहाटे तीनला किल्ली लागली तर ठीक, नाहीतर ब्रेक सोडायचा, घरंगळू द्यायचं आणि दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा. तरीही हटली तर काका, मुलगा आणि शेजारचा एखादा झोपमोड झालेला माणूस धक्का मारत. मग निळसर धुराचा लोट आणि समोरच्या मावशींच्या खिडकी आपटल्याचा आवाज.

अडचण

गाडी म्हातारी झाली हे सगळ्यांनाच दिसत होतं. बदलायचं मात्र कोणी बोलत नव्हतं, आणि याचं कारण पैशाची चणचण हे एकच नव्हतं. दुरुस्तीचं प्रत्येक बिल सुटं बघितलं की परवडणारं वाटे. साडेसहा हजारांची बॅटरी. साडेनऊ हजारांत क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वर्षातून तीनदा तुटले, दर वेळी तीन-चार हजार. सहा लाखांच्या गाडीसमोर चार हजारांचा पाटा नेहमीच स्वस्त असतो. काका दर वेळी म्हणत, "आता एवढं लावलंच आहे, तर वर्षभर काढू."

या 'आता एवढं लावलंच आहे'नं त्यांची तीन वर्षं खाल्ली.

वळणं तशी आधीही आली होती. पहिलं २०२२मध्ये, गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा. केंद्राच्या नव्या नियमानं १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांच्या फिटनेस नूतनीकरणाची फी बरीच वाढली, हलक्या गाडीला ७,५०० रुपये. शिवाय महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला पर्यावरण कर असतोच. काकांनी पासिंगआधी, म्हणजे फिटनेसच्या तपासणीआधी, रंग मारून घेतला, पत्रा ठोकून घेतला आणि गाडी पास करून आणली. दुसरं वळण २०२३मध्ये. गोंदियाकडचा एक गिऱ्हाईक चालू गाडीचे एक लाख साठ हजार द्यायला तयार होता. काका दोन दिवस गप्प बसले आणि तिसऱ्या दिवशी नाही म्हणाले. मी तेव्हा 'विका' म्हटलं होतं, पण आग्रह धरला नाही. त्यांच्या घरची लक्ष्मी विका म्हणून सांगणारा मी कोण, असं वाटलं. ते चुकलंच.

ड्रायव्हरची अडचण वेगळी होती आणि ती कोणी अडचण मानतच नव्हतं. या मापाच्या जुन्या गाडीत इंजिनाचा निम्मा भाग कॅबिनमध्ये येतो. वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलेलं, त्यामुळं उन्हाळ्यात पायाशी चूल पेटल्यासारखं होई. पॉवर स्टिअरिंग नाही. २०२४च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि मग हवामान खात्यानं यंत्रात बिघाड असल्याचं सांगितलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "ते यंत्र बुढीच्या कॅबिनमंदी ठेवलं असन त्यायनं."

गोष्ट निकराला आली मार्च २०२५मध्ये. मृगाची संत्री भरून बुढी रात्री दोनच्या सुमारास कळमेश्वरच्या अलीकडे बंद पडली. रेडिएटर फुटला होता, हेडचं गॅस्केटही गेलं होतं. दुसरी गाडी मिळून एकशे चाळीस क्रेट इकडून तिकडे होईपर्यंत उजाडलं. कळमन्यात पोचायला साडेनऊ झाले. लिलाव उरकलेला. माल दुसऱ्या दिवशी गेला, कमी भावानं. बागवाल्यानं भांडण केलं नाही. फोनवर एवढंच म्हणाला, "काका, मी माल तुमच्या भरवशावर देऊन राहिलो, बुढीच्या नाही." पुढच्या आठवड्यात त्यानं दुसऱ्याची गाडी सांगितली.

त्या रविवारी मुलानं वही काढली. मुलगा एका खासगी कंपनीत नोकरीला आहे, धंद्यात नाही. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ची सगळी बिलं, गॅरेजवाल्याच्या चिठ्ठ्या, काकांच्या खिशातले कपटे त्यानं एकत्र केले. हाफ इंजिनचं काम ४८ हजारांचं धरून वर्षाची दुरुस्ती १ लाख २१ हजार. गाडी उभी राहिली ४७ दिवस. त्यांतल्या १९ दिवशी माल सोडता येत नव्हता म्हणून बाहेरची गाडी लावली, खेपेला ४,५०० देऊन. घरच्या गाडीचा खर्च वजा केला तर तिथं जादा गेले ४९ हजार. आणि डिझेल. बुढी लिटरला साडेसहा किलोमीटरवर आली होती. त्याच मापाची धडधाकट गाडी नऊ देते. वर्षाला २४ हजार किलोमीटर धरले तर फरक हजारावर लिटरचा, ९१ रुपये दरानं ९३ हजारांचा.

तीन आकडे मिळून २ लाख ६३ हजार. काकांनी बेरीज दोनदा तपासायला लावली. काकू आतून म्हणाल्या, "म्हणजे बुढी फुकट नव्हती चालत."

समोरचे पर्याय

पूर्ण इंजिन बांधणं, गिअरबॉक्स आणि हौद्याचा तळ नवा करणं, याचा अंदाज गॅरेजवाल्यानं एक लाख नव्वद हजार दिला. काकांचा कल सुरुवातीला इकडेच होता. पण चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आडव्या पट्ट्यांना दोन ठिकाणी चिरा होत्या. वेल्डिंग मारून पासिंग झालं असतं, संत्र्यांनी भरलेल्या गाडीखाली ते किती टिकलं असतं हे गॅरेजवालाही सांगेना.

मुलाचं मत होतं, गाडीच नको. भाड्याची लावा, कमिशनवर काम करा. हा पर्याय घरात हसण्यावारी गेला, पण आकड्यांत तो वाईट नव्हता आणि मी तसं बोललोही. अडत होतं ते एकाच जागी. अंबियाच्या ऐन तीन महिन्यांत सगळ्यांनाच गाडी हवी असते. तेव्हा भाडं वाढतं ते वाढतं, गाडी वेळेवर येण्याचीही खात्री नसते. नुकताच एक बागवाला त्याच कारणानं गेला होता.

मोठी गाडी घ्यावी असं काकांच्या मेहुण्यांचं म्हणणं, अकरा टनी वजनाची, सतरा फुटी हौद्याची. यात दोन गोष्टी आडव्या आल्या. ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा १६,०४९ रुपये, त्यावर बारा टनांपर्यंत २७,१८६. हे एक वेळ सोसलं असतं. दुसरी गोष्ट ड्रायव्हरच्या लायसन्सची. नोव्हेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवता येते हे पक्कं केलं. म्हणजे आपला ड्रायव्हर त्या मर्यादेत बिनधास्त आणि तिच्या वर गेला की अडचणीत. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

नवी गाडी. शोरूममध्ये बारा लाखांचा आकडा मिळाला. दहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, हप्ता साडेएकवीस हजार. मे ते जुलै काकांची महिन्याची कमाई कधीकधी हप्त्याएवढीही होत नाही. शिवाय नव्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते. ती जळून साफ व्हायला गाडी सलग वेगात पळावी लागते. बागेत रांगायचं, बाजारात तासभर इंजिन चालू ठेवून उभं राहायचं, या कामाला ते जरा त्रासाचंच.

शेवटचा पर्याय, त्याच मापाची, पाच-सहा वर्षं वापरलेली बीएस-४ गाडी. म्हणजे ३१ मार्च २०२०च्या आधी नोंदलेली.

निर्णयाचे दिवस

जुलैपर्यंत जुनी गाडी घ्यायची हे ठरलं होतं. वाडीकडच्या एका मालकाची २०१९ची गाडी मुलानं हेरली. मागणी पावणेसात लाख. सौदा ६.६०पर्यंत आला होता आणि तेवढ्यात १५ ऑगस्ट उजाडला. जीएसटीचे दर कमी होणार अशी घोषणा झाली, ३ सप्टेंबरला परिषदेनं ठरवलं आणि २२ सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा कर २८चा १८ टक्के झाला.

इथं घरात खरी खलबतं झाली. बारा लाखांची नवी गाडी आता किती पडेल? कर काढला की ९ लाख ३७ हजार ५००. त्यावर १८ टक्के धरले की ११ लाख ६ हजार २५०. जवळजवळ ९४ हजारांची बचत. काका चक्क नव्या गाडीकडे झुकले. वर आणखी एक गोष्ट होती. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी कॅबिन बंधनकारक होणार होती. नागपूरच्या माणसाला यापेक्षा मोठं आमिष कोणतं?

पण ९४ हजार वाचूनही हप्ता वीस हजारांच्या आसपासच राहत होता. मी त्यांना एकच विचारलं, "काका, जूनमध्ये वीस हजार कुठून आणाल?" ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. शेवटी म्हणाले, "नवीन गाडीले बुढापा येईपर्यंत मलेच बुढापा येईन."

थांबण्याचा फायदा झाला तो वेगळ्याच बाजूनं. नव्या गाड्या स्वस्त होणार म्हटल्यावर वाडीचा मालक उतरला. सौदा पटला ६ लाख २० हजारांवर. म्हणजे ४० हजार वाचले. मात्र त्या पाच-सहा आठवड्यांत बुढी दोनदा बंद पडली आणि भाड्याच्या गाड्या नि दुरुस्ती मिळून २३ हजार गेले. निव्वळ सतरा हजारांसाठी एवढी घालमेल.

काय केलं

गाडी बघायला ड्रायव्हरला पाठवलं आणि रात्रभर उभ्या असलेल्या थंड इंजिनावरच बघायची ही अट त्यानंच घातली. गरम करून ठेवलेली गाडी सगळ्यांचीच गोड सुरू होते. त्यानं चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून वाफ किती फेकते ते पाहिलं, हौद्याखाली आडवा झोपून चेसिसवर बोट फिरवलं, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि ठसा आरसीशी ताडला. मग चार क्विंटल वाळूची पोती टाकून उड्डाणपुलावर चढवली. उतरल्यावर काकांना बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, घेऊन टाका. एका बोटानं वळते."

पैशांची बाजू अशी. दोन लाख वीस हजार घरचे, चार लाख कर्ज, १४ टक्क्यांनी तीन वर्षं. हप्ता सुमारे १३,६७०. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज चढंच असतं.

कागदांत मात्र घोळ झाला. आधीच्या मालकानं आपलं कर्ज वर्षापूर्वी फेडलं होतं, पण आरसीवरचा फायनान्सचा बोजा उतरवलाच नव्हता. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून तयार, पण बोजा उतरवायचा ३५ नाही. फायनान्सवाल्यांचं ना हरकत पत्र येऊन बोजा उतरायला अठरा दिवस गेले. तोवर गाडी दारात आली होती आणि हंगाम तोंडावर होता. काकांनी तिला कामाला लावली. नावावर नसलेली गाडी, विमाही आधीच्याच मालकाच्या नावचा. त्या दिवसांत समोरच्याचं नुकसान झालं असतं तर एक वेळ निभावलं असतं, आपल्या गाडीच्या नुकसानीवर मात्र विमा कंपनीनं हात वर केले असते. मी फोनवर ओरडलो. काकू म्हणाल्या, "ते ऐकून राहिले नाहीत, तुम्हीच या." मी गेलो तेव्हा गाडी काटोलला पोचली होती.

बुढीचं काय करायचं, हा शेवटचा प्रश्न. तिचं फिटनेस ऑक्टोबरातच संपत होतं. भंगारवाला ८८ हजार रोख देत होता, कागद-बिगद काही नाही. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राचा भाव ७४ हजार. चौदा हजारांचा फरक काकांना झोंबला. पण नोंदणी रद्द केल्याशिवाय गाडी तुटली तरी आरटीओच्या दप्तरात ती जिवंतच राहते. कर चढत राहतो, आणि तिचा नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीवर बसला तर पोलीस तुमच्या दारात. केंद्रात दिली. आधी थकलेली चार ई-चलानं भरावी लागली, त्यातलं एक काकांना आठवतही नव्हतं.

न्यायला आले त्या दिवशी बुढी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. ड्रायव्हरनं स्वतः चालवत नेली. काका घरातून बाहेर आले नाहीत.

परिणाम

२ ऑक्टोबरला दसरा होता. दीक्षाभूमीला जाणाऱ्या जनसागरामुळं त्या दिवशी शहरातले रस्ते बदललेले असतात, म्हणून टेकडी गणपतीला गाडी नेण्याचा बेत रद्द झाला. पूजा गल्लीतच. काकूंनी बोनेटवर कुंकवाचा स्वस्तिक काढला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूचा हार आरशापासून आरशापर्यंत. ड्रायव्हरनं लिंबांवरून गाडी पुढं घेतली आणि हॉर्न वाजवला. बुढीचा हॉर्न दोन वर्षं बंद होता. ड्रायव्हर हात बाहेर काढून दार बडवायचा.

काकांचा चेहरा मात्र पूजेला काही खुलला नाही. तो खुलला दोन दिवसांनी, पहाटे तीनला. किल्ली फिरली, इंजिन लागलं, दिवे लागले आणि गाडी गल्लीतून निघून गेली. एवढंच. ते चप्पल घालून धक्का मारायला उभे होते, तसेच उभे राहिले. मला सकाळी सातला फोन, "अहो, काही करावंच नाही लागलं जी." हेच वाक्य त्यांनी त्या आठवड्यात निदान दहा जणांना ऐकवलं असेल. समोरच्या मावशी मात्र त्या दिवशी उशिरा उठल्या. त्यांचं पाणी भरायचं घड्याळ बुढीच होती.

अंबियाचा हंगाम पुरा झाला तोवर गाडी एकदाच उभी राहिली, ती पंक्चरमुळं. डिझेलला लिटरमागं आठ पूर्णांक आठ किलोमीटर पडले, सांगितलेल्या नऊला थोडे कमी. गेलेला बागवाला डिसेंबरात परत आला, निम्मा माल घेऊन. उरलेला अजून दुसऱ्याच्याच गाडीत जातो. काका ते मनाला लावून घेतात. हप्ते वेळेवर गेले आहेत, पण उन्हाळ्याचे तीन महिने अजून यायचे आहेत आणि त्यासाठी चाळीस हजार वेगळे काढून ठेवले आहेत, काकूंच्या नावावर, म्हणजे हात लागणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

२०२३मध्ये विकायला हवी होती. एक लाख साठ हजार आणि ७४ हजार यांतला फरक तर आहेच, शिवाय शेवटच्या वर्षाचे ते दोन लाख त्रेसष्ट हजार. वही आधी काढली असती तर हे दिसलं असतं. उभ्या गाडीच्या दिवसांची नोंद कोणी ठेवत नव्हतं, फक्त बिलं ठेवली होती.

बोजा उतरल्याशिवाय बयाणा द्यायला नको होता, आणि विमा नावावर झाल्याशिवाय गाडी दारात आणायला नको होती. यावर माझं नि काकांचं आजही एकमत नाही. ते म्हणतात, हंगाम थांबत नाही.

स्क्रॅपिंगचं ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी केंद्रात जमा केल्याचा दाखला, मिळालं, पण त्यावरची मोटार वाहन करातली १५ टक्क्यांपर्यंतची सवलत नव्या गाडीला. काकांनी घेतली जुनी. ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं, नवी गाडी घेणारा कोणी ओळखीतला आधीच शोधून ठेवला असता तर चौदा हजारांचा सल थोडा कमी झाला असता. सध्या ते देवघराच्या फळीवर आहे.

आणि एसीचं आधी ड्रायव्हरला विचारायला हवं होतं. विचारलंच नाही कोणी. नवी का जुनी, हप्ता किती, हे सगळं बैठकीच्या खोलीत ठरलं आणि तो बाहेर बाजेवर चहा पीत होता. नंतर मी सहज विचारलं तर म्हणाला, "एसी असता तर पगार हजारानं कमी चालला असता मले." महिन्याला हजार धरले तरी वर्षाचे बारा. हप्त्यातला दर महिन्याचा सहा हजारांचा फरक त्यानं भरून निघाला नसता, हे खरं. पण हिशेबात हा आकडा आलाच नाही. काकांनी आता कॅबिनला पंखा बसवून दिला आहे.

सेल्फ उत्तम आहे, बॅटरी नवी आहे. तरी गाडी रात्री गल्लीच्या वरच्या टोकालाच लागते, तोंड उताराकडे करून. मुलानं एकदा खाली घरासमोर लावली होती. काकांनी रात्री अकराला किल्ली मागून घेतली आणि वर नेऊन लावली.